महाधमनीवरील शस्त्रक्रियेनंतरचा रुग्ण आणि आपण

दिनांक ३१ डिसेंबर २००५. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे आपल्या घरी बसलेल्या सत्त्याण्णव वर्षांच्या एका शल्यचिकित्सकांच्या छातीत एकाएकी तीव्र वेदना उठली. डॉ. मायकेल डिबेकी यांना तिचे निदान दुसऱ्या कोणाकडून करून घेण्याची गरज नव्हती. विदीर्ण महाधमनीवर १९५४ मध्ये यशस्वी शस्त्रक्रिया त्यांनीच केली होती, विदारणाचे तीन प्रकार त्यांनीच मांडले होते आणि पत्नीच्या शिवणयंत्रावर डेक्रॉनच्या कापडाची नळी शिवून कृत्रिम धमनीचा मार्गही त्यांनीच दाखविला होता. तरीही वयाचा विचार करून त्यांनी शस्त्रक्रियेस नकार दिला. पुढे शुद्ध हरपल्यावर, रुग्णालयाच्या नीतिसमितीत बराच खल होऊन, फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांचे सहकारी डॉ. जॉर्ज नून यांनी ती केली.

शस्त्रक्रियेस सुमारे सात तास लागले. प्रकृती सावरण्यास मात्र कित्येक महिने. सुमारे सहा आठवडे कृत्रिम श्वसन, श्वासनलिकेस छिद्र, नळीवाटे अन्न, वृक्क निकामी झाल्याने रक्तशुद्धी, आणि त्यातच जंतुसंसर्ग. एकदा घरी गेल्यावर रक्तदाबाच्या तक्रारीमुळे पुन्हा भरती व्हावे लागले. त्यानंतर मात्र ते कामावर परतले आणि ११ जुलै २००८ रोजी, शंभरीस दोन महिने उणे असताना, निवर्तले.

असे रुग्ण आता आपल्याही चिकित्सालयांत येतात. अशक्तपणा, अग्निमांद्य, निद्रानाश, मलावष्टंभ या त्यांच्या तक्रारी आपल्या परिचयाच्या असल्या तरी त्यांमागील कारणे नेहमीची नसतात. सुश्रुताचार्यांनी हृदयाची गणना सद्यःप्राणहर मर्मांत केली आहे. त्या मर्माशेजारी शल्यकर्म करताना रक्तप्रवाह काही काळ रोखावा लागतो. त्याचा फटका वृक्कांना, मेंदूला आणि अधोगामी महाधमनीच्या बाबतीत सुषुम्नेलाही बसू शकतो. म्हणून वृक्कांची तपासणी पाहिल्यावाचून भस्मे वा रसकल्प देऊ नयेत. उरोस्थि जुळेपर्यंत छातीवर मर्दन नको. वमनाचा तर विचारही नको.

औषधविक्रेत्यांनी विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट निराळीच. या रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात ठेवणे हाच पुढील आयुष्यभराचा उपचार असतो, कारण उरलेल्या महाधमनीची भित्तीही बहुधा दुबळीच असते. गुग्गुळामुळे प्रोप्रानोलॉल व डिल्टियाझेम यांचे शोषण घटते, असे आपल्याच देशातील अभ्यासात आढळले आहे. सर्पगंधा रक्तदाबाच्या औषधांसोबत घेतल्यास नाडी व रक्तदाब अवाजवी उतरू शकतात. यांत्रिक कृत्रिम झडप बसविलेला रुग्ण वॉरफेरिनवर असतो. त्याला लसूण वा गुग्गुळाचे कल्प देण्यापूर्वी मूळ शल्यचिकित्सकांस विचारणे भागच आहे. ‘वनस्पतीच आहे, काय होणार?’ हे वाक्य दुकानात सर्रास ऐकू येते, आणि ते आपल्याच शास्त्रावर अन्याय करते. जे द्रव्य गुण करते ते अवगुण करणार नाही, असे कोणत्याही संहिताकाराने म्हटलेले नाही.

उदरातील महाधमनीत कृत्रिम नळी बसविलेल्या रुग्णास काही महिन्यांनी वा अनेकदा वर्षांनीही थोडी रक्ताची उलटी वा काळसर मलप्रवृत्ती झाली, तर ते रक्तपित्त समजून घरी उपचार करू नयेत. नळी व आतडे यांच्यात मार्ग तयार झाल्याची ती सूचना असू शकते. असा पहिला स्राव आपोआप थांबतो आणि रुग्ण निर्धास्त होतो. पुढचा प्राणघातक ठरू शकतो. अशा रुग्णास तत्काळ रुग्णालयात धाडावे. नळी असलेल्या कोणत्याही रुग्णाचा रेंगाळणारा ज्वरही जंतुसंसर्गाच्या शंकेने तपासून घ्यावा.

आणखी एक प्रसंग वारंवार घडतो. महाधमनीच्या कमानीवर शस्त्रक्रिया झालेला रुग्ण बसलेला आवाज घेऊन येतो आणि ज्येष्ठमधाची मागणी करतो. स्वरयंत्राची डावी चेतातंतू त्या कमानीला वळसा घालून वर जाते व तेथे दुखावते. हा कफज स्वरभेद नव्हे. शिवाय ज्येष्ठमध नित्य घेतल्यास शरीरात लवण साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. अशा रुग्णास डबी न देता कर्णनासाकंठतज्ज्ञाकडे पाठवावे.