बिदरीचा काळा रंग

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोन दिवस बीदरला गेलो होतो. किल्ला, महमूद गवानचा १४७२ सालचा मदरसा, चौबारा हे सारे पाहून झाले आणि संध्याकाळी मी एकटीच बिदरीच्या एका छोट्या कारखान्यात जाऊन बसले. पिशवीत वडिलांची अत्तरदाणी होती. हैदराबादच्या नोकरीतून निवृत्त होताना सहकाऱ्यांनी ती त्यांना दिली होती. ते गेले त्या वर्षी दसऱ्याला मी पितळेच्या भांड्यांबरोबर तीही चिंच लावून लख्ख घासली. काळी पार्श्वभूमी पांढुरकी झाली, नक्षी दिसेनाशी झाली. तेव्हापासून ती कपाटात पडून होती.

बिदरीची वस्तू मुळात काळी नसते, हे मला त्या संध्याकाळी कळले. साधारण १६ भाग जस्त आणि १ भाग तांबे यांचा रस साच्यात ओततात. निघते ती राखाडी रंगाची. कानशीने ती गुळगुळीत करून तिला मोरचुदाचे पाणी लावतात. हा काळेपणा तात्पुरता, छिन्नीची रेघ स्पष्ट दिसावी एवढ्यापुरता. मग हातानेच नक्षी कोरतात आणि खाचेत चांदी ठोकून बसवतात. तार बसवली की ‘तारकशी’, पत्र्याचे तुकडे खोल बसवले की ‘तहनिशान’. त्यानंतर वस्तू पुन्हा घासतात. तात्पुरता काळेपणा निघून जातो, चांदी आणि धातू जवळजवळ एकाच रंगाचे दिसू लागतात आणि एवढ्या कष्टाची नक्षी हरवल्यासारखी वाटते.

खरा काळा रंग येतो तो यानंतर. किल्ल्याच्या जुन्या भागातली, ऊनपाऊस न लागलेली माती आणि नवसागर पाण्यात मिसळून तापलेल्या वस्तूला लावतात. जस्ताचा मिश्रधातू कायमचा काळा पडतो, चांदीला मात्र काहीच होत नाही. शेवटी तेलाचा हात. माती चांगली की नाही, हे कारागीर जिभेला लावून ठरवतात. बिदरीला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण तशी माती मिळणे आता कठीण होत चालले आहे, असे तिथले वयस्क कारागीर म्हणाले.

मी संकोचत अत्तरदाणी पुढे केली. त्यांनी ती दिव्याखाली फिरवून पाहिली. म्हणाले, “खराब नइ हुई अम्मा. मिट्टीइच बाकी है.”

दखनीतला हा ‘इच’ म्हणजे मराठीचा ‘च’. वर्गात मी हे उदाहरण अनेकदा दिले आहे. पण त्या एका प्रत्ययाने इतका दिलासा कधी दिला नव्हता. माझ्या हातून वस्तू नासली नव्हती. ती फक्त शेवटच्या पायरीच्या आधी जाऊन थांबली होती.

थोड्याच वेळात त्या पांढुरक्या धातूतून काळा रंग वर आला आणि वेल पुन्हा दिसू लागली. दोन पाकळ्यांची चांदी मात्र माझ्या घासण्यात निघून गेली होती. ती तशीच राहू दिली.

हैदराबादेतल्या कितीतरी मराठी घरांत अशी एखादी वस्तू असते. तिला चिंच, राख, लिंबू लावू नये. मऊ फडक्यावर दोन थेंब खोबरेल तेल पुरते. आणि कुणी आधीच घासून ठेवली असेल, तर टाकून देऊ नये. बीदरला घेऊन जावी.