पेटंटचा अर्ज : एक लेखी धडा

३ मार्च १८५६ रोजी कोलकात्यातील जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग नावाच्या एका स्थापत्य अभियंत्याने हिंदुस्थान सरकारकडे एक अर्ज केला. त्या काळी साहेबांच्या बंगल्यांत आणि कचेऱ्यांत छताला मोठे कापडी पंखे टांगलेले असत आणि एक माणूस दिवसभर बसून दोरीने ते ओढत असे. हे पंखे ओढण्याचे कार्यक्षम यंत्र आपण शोधून काढले आहे आणि त्यावर आपल्याला खास हक्क मिळावा, अशी डीपेनिंगची मागणी होती. असे हक्क देण्याचा कायदा जेमतेम चार दिवसांपूर्वी, २८ फेब्रुवारीला जारी झाला होता.

पण नुसत्या अर्जावर काम भागले नाही. २ सप्टेंबर रोजी डीपेनिंगने यंत्राचे लेखी वर्णन आणि ते कसे चालते हे दाखवणाऱ्या आकृत्या सादर केल्या. त्या स्वीकारल्या गेल्या आणि भारतातला असा पहिला हक्क त्याला मिळाला.

यंत्र तयार आहे, ते चालते, मग वर्णन कशाला? पेटंटच्या साऱ्या व्यवस्थेचे मर्म या साध्या प्रश्नात आहे. ते समजून घेताना आपल्याला, म्हणजे शिक्षकांना, आपल्याच धंद्यातली एक ओळखीची अडचण भेटणार आहे.

बक्षीस नव्हे, व्यवहार

पेटंट म्हणजे हुशारीबद्दल सरकारने दिलेले बक्षीस, असा समज सर्रास आढळतो. खरे तर तो एक व्यवहार आहे. संशोधक आपली युक्ती समाजाला उघड करून सांगतो. त्या बदल्यात ठरावीक काळापुरता, आज आपल्याकडे अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे, त्याच्या परवानगीवाचून इतरांनी ती वस्तू बनवू, वापरू वा विकू नये, असा हक्क त्याला मिळतो. मुदत संपली की ती युक्ती सर्वांची होते.

या व्यवहारात समाजाच्या पदरात काय पडते? फक्त ते वर्णन. ते पोकळ असेल, तर समाजाने २० वर्षांची मक्तेदारी देऊन हाती काहीच घेतले नाही असे होईल. म्हणून वर्णन पुरेसे आहे की नाही, हा प्रश्न कागदी उपचाराचा उरत नाही.

आर्कराइटने काय लपवले?

हा धडा इंग्लंडात एका फार मोठ्या कारखानदाराला महागात पडला. रिचर्ड आर्कराइट हा मूळचा न्हावी आणि केसांचे टोप बनवणारा. रुळांच्या जोड्यांनी सूत काढणाऱ्या यंत्रावर त्याने १७६९ मध्ये पेटंट घेतले. पुढे १७७५ मध्ये कापूस पिंजणे, त्याचे पेळू करणे वगैरे पूर्वतयारीच्या यंत्रांवर दुसरे पेटंट घेतले. त्याच्या गिरण्या जोरात चालल्या. इतरांनी तशीच यंत्रे उभारली, तेव्हा त्याने त्यांच्यावर दावे लावले.

१७८१ मध्ये पहिल्याच खटल्यात तो हरला. कारण, वर्णन अपुरे. त्यानंतर त्याने आपली कैफियत छापून प्रसिद्ध केली. परदेशी लोकांनी युक्ती उचलू नये म्हणून आपण वर्णन मुद्दामच पूर्ण दिले नाही, अशी कबुली तीत होती. देशहिताचे कारण सांगून सहानुभूती मिळवायचा हा प्रयत्न होता, पण त्याने स्वतःच्याच तोंडाने व्यवहार मोडल्याचे मान्य केले होते.

फेब्रुवारी १७८५ मध्ये एका खटल्यात तो जिंकला. त्या वेळी त्याच्या बाजूने साक्ष द्यायला खुद्द जेम्स वॉट उभा होता. पण जूनमध्ये त्याचे पेटंटच रद्द करावे म्हणून न्यायमूर्ती बुलर यांच्यासमोर खटला चालला. युक्ती नवी होती का, ती त्याची स्वतःची होती का आणि वर्णन पुरेसे होते का, असे तीन प्रश्न होते. वर्णनात दहा साधनांची यादी होती. सुट्या भागांच्या आकृत्या होत्या. पण कोणता भाग कशाला जोडायचा, हे त्यावरून कळत नव्हते. काही साधने तर त्याच्या कापसाच्या कामात वापरलीच जात नव्हती. न्यायमूर्तींनी ज्यूरीला सांगितले त्याचा आशय असा, की हक्क हवा असेल तर माणसाने आपले गुपित अशा रीतीने उघड केले पाहिजे, की त्यावरून दुसरे लोक ती गोष्ट करायला शिकतील. निकाल आर्कराइटच्या विरुद्ध गेला आणि पेटंट रद्द झाले.

‘दुसरे लोक शिकतील’ हे शब्द आपण लक्षात ठेवू. वर्णनाची कसोटी त्यांतच आहे.

कप्पीचे उदाहरण

आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातही हीच कसोटी आहे. कलम १० नुसार वर्णनात युक्ती, तिचा उपयोग आणि ती प्रत्यक्षात आणण्याची रीत पूर्णपणे व नेमकेपणाने सांगावी लागते. अर्जदाराला ठाऊक असलेली सर्वांत चांगली रीत उघड करावी लागते. आणि शेवटी हक्काची व्याप्ती ठरवणारे दावे लिहावे लागतात. पुरेसे म्हणजे कोणाला पुरेसे? त्या धंद्यातले सर्वसाधारण कसब आणि सर्वसाधारण ज्ञान असलेल्या, भारतातल्या माणसाला. तो प्राध्यापक नको, तसा अगदी नवखाही नको. यंत्राच्या बाबतीत तो गावातला चांगला फिटर समजा.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. नववीतल्या एका मुलीने विहिरीवरच्या कप्पीला अशी सोय केली, की पाणी ओढताना दमून दोर हातातून सोडला तरी बादली खाली जात नाही. तिने वर्णन लिहिले : ‘कप्पी उलटी फिरू नये म्हणून तिला अडसर बसवला आहे.’

आपला फिटर हे वाचून काय करील? तो कप्पीच्या अंगाला एक दातेरी चाक पक्के बसवील. चौकटीला एक खिट्टी लावील आणि ती स्प्रिंगने दातांवर दाबून ठेवील. दोर ओढताना तिरके दात खिट्टीखालून सरकत जातील, उलट फिरताना खिट्टी दातात अडकेल. इथवर तो स्वतःच्या अकलेने येईल. खिट्टी कशी बसवायची हे त्याला माहीत असते, ते लिहिले नाही तरी चालेल.

मग तो भरलेली बादली ओढून दोर सोडून देईल. कप्पी जागच्या जागी थांबेल आणि बादली धाडकन विहिरीत जाईल! कप्पी अडली, पण दोर तिच्या खाचेतून घसरला.

हिशेब करून पाहू. दोर कप्पीवर अर्धा वळसा घेतो. घर्षण गुणांक ०.३ धरला तर गोल तळाच्या साध्या खाचेत अर्ध्या वळशाचे घर्षण एका बाजूच्या ताणाच्या सुमारे अडीचपट ताण दुसऱ्या बाजूला पेलते. बादली १० किलोची आणि मोकळ्या बाजूला लोंबणारा दोर अर्ध्या किलोचा असेल, तर पेलायला हवा वीसपट ताण. दोर घसरणारच.

मुलीच्या कप्पीत तो घसरत नव्हता, कारण तिची खाच खोल आणि अरुंद होती. तिच्या दोन भिंतींमध्ये ३५ अंशांचा कोन होता आणि दोर त्यांत पाचरीसारखा रुतत होता. अशा खाचेत तेच घर्षण सुमारे २३ पट ताण पेलते. कोन ६० अंश केला तर मात्र साडेसहापटच. म्हणजे ‘खाच अरुंद असावी’ एवढे लिहूनही भागणार नाही, कोन सांगायला हवा. शिवाय ३५ अंशांनी उत्तम काम होते हे ठाऊक असताना वर्णनात भलताच कोन देऊन खरा आकडा स्वतःजवळ ठेवता येणार नाही.

या मुलीने आर्कराइटप्रमाणे काही लपवले नव्हते. खाच तिच्या हाताला इतकी सवयीची झाली होती, की ती सांगण्याजोगी गोष्ट आहे हे तिला सुचलेच नाही. वर्णने बहुधा अशीच अपुरी राहतात. भाकरी थापणारी आई ‘अंदाजाने पाणी घाल’ म्हणते, तेव्हा तीही काही लपवत नसते.

दावे म्हणजे चतुःसीमा

वर्णन शिकवते; दावे हद्द आखतात. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, तसे हे काम आहे. ‘दोर अडवणारी कोणतीही कप्पी’ असा दावा केला तर हद्द फार लांब जाते. वर्णनात जे शिकवलेच नाही, त्यावरही हक्क सांगितल्यासारखे होते. ‘२४ दातांचे चाक आणि काथ्याचा दोर असलेली कप्पी’ असा दावा केला तर हद्द इतकी आखडते, की शेजारी २५ दात करून मोकळा होईल. दातेरी चाक, खिट्टी आणि दोर रुतवणारी खाच यांचा मेळ, तसेच कोनाची मर्यादा, एवढे दाव्यात बसवणे हे कौशल्याचे काम आहे.

परीक्षक काय पाहतो?

अर्ज सामान्यतः १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि कोणालाही वाचता येतो. परीक्षण मात्र आपोआप होत नाही, त्यासाठी वेगळी विनंती करावी लागते. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना यासाठी ३१ महिन्यांची मुदत आहे. मग परीक्षक जुनी पेटंटे, पुस्तके, नियतकालिके धुंडाळतो. आपल्या कप्पीच्या बाबतीत त्याला गुजरातेतील अमृतभाई अग्रावत यांची दोर अडवणारी कप्पी सापडेल. खिट्टी आणि दातेरी चाक तर फारच जुने. ठाऊक असलेली साधने नुसती शेजारी शेजारी मांडली आणि प्रत्येक आपापले जुनेच काम करत राहिले, तर कायदा त्याला शोध मानत नाही. तेव्हा ‘यात नवे काय?’ याचे उत्तर मुलीला द्यावे लागेल, आणि ते वर्णनात असावे लागेल.

हा अडथळा किती खरा आहे ते मिर्झापूरच्या एका दाव्यात दिसते. तिथल्या हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या पेढीने, लेथवर कातताना भांडे उडून जाऊ नये म्हणून ते दोन्ही बाजूंनी दाबून धरण्याच्या युक्तीवर १९५१ मध्ये अर्ज केला आणि पेटंट मिळवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७८ मध्ये न्यायालयाने ठरवले, की ही जुन्याच तत्त्वाची कारखान्यात सहज सुचणारी सुधारणा आहे, शोध नव्हे. पेटंट मिळाले म्हणजे ते टिकेलच अशी हमी नसते, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

परीक्षकाच्या पहिल्या अहवालाला सहा महिन्यांत उत्तर द्यायचे असते. ही मुदत आणखी तीन महिने वाढवून मिळू शकते. उत्तरात चूक दुरुस्त करता येते, खुलासा करता येतो, दावे आखडते घेता येतात. पण मूळ वर्णनात नसलेली नवी माहिती घालता येत नाही. खाचेचा कोन तेव्हा सुचून उपयोग नाही. नव्याने अर्ज करावा तर तारीख नवी लागते आणि मधल्या काळात प्रसिद्ध झालेला स्वतःचाच अर्ज आडवा येतो.

यासाठी कायद्याने एक सवलत दिली आहे. युक्ती अजून पक्की होत असेल तर तात्पुरते वर्णन देऊन तारीख मिळवावी आणि १२ महिन्यांच्या आत संपूर्ण वर्णन द्यावे.

शाळेसाठी दोन गोष्टी

पहिली सावधगिरीची. अर्ज करण्यापूर्वी युक्ती चारचौघांत मांडली की तिचे नवेपण धोक्यात येते. प्रदर्शनाबाबत कायद्यात सूट आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांपुरती, आणि तीही १२ महिन्यांच्या आत अर्ज केला तर. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला अशी सूट आहे असे गृहीत धरू नये. बहुतेक प्रकल्पांना पेटंटची गरज नसते, ते खुशाल मांडावेत. पण एखाद्या विद्यार्थ्याची युक्ती खरोखर नवी वाटली, तर प्रदर्शनाच्या आधी माहितगार माणसाचा सल्ला घ्यावा.

दुसरी गोष्ट वर्गात करण्याची. मुलांचे दोन गट करावेत. एका गटाला एखादी वस्तू द्यावी : छत्रीची चाप, कडी, उघडझाप करणारे बॉलपेन. त्यांनी ती उकलून, भागांना क्रमांक देऊन, आकृतीसह वर्णन लिहावे. वस्तू झाकून ठेवावी. दुसऱ्या गटाने फक्त त्या कागदावरून पुठ्ठा, तार आणि रबर वापरून तिचा नमुना करावा. तोंडी प्रश्न विचारायची मुभा नाही, मात्र मनात आलेला प्रत्येक प्रश्न त्यांनी लिहून ठेवावा. ती यादी म्हणजेच परीक्षकाचा अहवाल. तो पहिल्या गटाला द्यावा आणि वर्णन पुन्हा लिहून घ्यावे.

‘सर, मला येतंय, पण लिहिता येत नाही,’ ही तक्रार आपण रोज ऐकतो. पेटंटचा परीक्षक ती मान्य करत नाही. प्रयोगवही तपासताना ‘पुरेसे नाही’ असा शेरा मारण्याऐवजी ‘हे वाचून दुसऱ्या मुलाला करता येईल का?’ एवढे आपण विचारले, तरी मुलांना खाचेचा कोन आपणहून आठवू लागेल.