इंजेक्शनचा दुधी आणि हार्मोनची भीती

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत दुधी घेताना गिऱ्हाईक सालीला हळूच नख लावतं. नख रुतलं की दुधी कोवळा. पण दुधी जरा जास्तच लांब आणि तुकतुकीत दिसला, की पाठोपाठ प्रश्न येतो, "मावशी, इंजेक्शनचा तर नाही ना?" हे इंजेक्शन म्हणजे ऑक्सिटोसिन. संध्याकाळी वेलीला टोचलं की सकाळी दुधी हातभर होतो, अशी समजूत घरोघरी पोचली आहे. तिच्याच आधाराने मुली लवकर वयात येण्यापासून स्तनाच्या कर्करोगापर्यंत सगळं "हार्मोनच्या भाज्यां"च्या माथी मारलं जातं. काळजी खोटी नाही. आपल्या ताटात काय येतं हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण प्रश्न चुकीच्या ठिकाणी विचारला जातो. एखादा पदार्थ हार्मोन आहे एवढ्यावरून तो काय करेल हे कळत नाही. त्याला ओळखणारा रिसेप्टर कोणाच्या शरीरात, कोणत्या पेशीत आहे, यावर सगळं ठरतं.

ही गोष्ट प्रयोगाने प्रथम दाखवली शिकागो विद्यापीठातल्या एलवुड जेन्सन यांनी, 1958 च्या सुमारास. त्यांनी किरणोत्सारी हायड्रोजनने खूण केलेलं इस्ट्रोजेन उंदरांच्या माद्यांना दिलं आणि ते कुठे जातं ते पाहिलं. रक्तातून ते सगळीकडे फिरलं, पण गर्भाशयासारख्या मोजक्या अवयवांत साठून राहिलं, तेही रासायनिक बदल न होता. म्हणजे तिथे त्याला धरून ठेवणारं काहीतरी होतं. ते प्रथिन म्हणजे इस्ट्रोजेनचा रिसेप्टर. 1985 मध्ये रॉनल्ड इव्हान्स यांच्या प्रयोगशाळेने माणसातल्या कॉर्टिसोलच्या रिसेप्टरचं जनुक वेगळं केलं, आणि पुढच्या काही वर्षांत लक्षात आलं की अशा रिसेप्टरांचं एकच घराणं आहे. माणसात या घराण्याचे 48 सदस्य आहेत. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसोल, थायरॉइडचं हार्मोन, अ आणि ड जीवनसत्त्वांची क्रियाशील रूपं, हे सगळे लहान, चरबीत विरघळणारे रेणू पेशीच्या पडद्यातून आत शिरतात. आत त्यांचा रिसेप्टर त्यांना पकडतो आणि केंद्रकात डीएनएवर बसून ठरावीक जनुकं चालू किंवा बंद करतो. म्हणून यांना केंद्रकीय रिसेप्टर म्हणतात. जेन्सन, इव्हान्स आणि फ्रान्सचे पिएर शांबाँ यांना 2004 चा लास्कर पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी.

आता दुधीकडे वळू. ऑक्सिटोसिन या घराण्यातलं नाहीच. ते नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी आहे, आणि त्याचा रिसेप्टर पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर असतो. म्हशीला ते टोचलं तर पान्हा सुटतो, कारण तिच्या कासेत तो रिसेप्टर आहे. दुभत्या जनावरांवर त्याचा गैरवापर होतो ही तक्रार म्हणूनच गंभीरपणे घ्यायला हवी. वेलीत मात्र तो रिसेप्टर नाही. केंद्रकीय रिसेप्टरांचं घराणंही वनस्पतींत नाही, ते फक्त प्राणिसृष्टीत आढळतं. टोचलेलं ऑक्सिटोसिन दुधीच्या दृष्टीने पाण्यात मिसळलेल्या प्रथिनाच्या तुकड्याहून वेगळं नाही. यावर कोणी म्हणेल, दुधीला काही झालं नाही तरी ते औषध आपल्या पोटात तर येतं ना? येईल, पण पोटात इतर प्रथिनांसारखंच ते पचून तुटतं. बाळंतिणीला ते गोळीच्या रूपात गिळायला न देता सुईवाटे देतात ते त्याचमुळे. मग दुधी एका रात्रीत वाढलेला दिसतो तो कशामुळे? संकरित वाण, खत-पाणी आणि ऊब मिळाली की दुधी तसाच भराभर वाढतो. शेतकऱ्याने तोडणीला एक-दोन दिवस उशीर केला तरी फरक डोळ्यांत भरतो. दुधीत खरा धोका आहे तो कडूपणात. कडू दुधीत कुकुर्बिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात, आणि अशा दुधीचा रस प्यायल्याने लोक दगावले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने 2012 मध्ये कडू दुधीचा रस पिऊ नये असा स्पष्ट इशारा दिला. आपण तुकतुकीत दुधी परत ठेवतो, आणि सकाळी औषध म्हणून कडू रस नाक दाबून पितो. भीतीची जागा चुकली की असं होतं.

झाडांना स्वतःची हार्मोन असतात हेही खरंच. नाशिक-सांगलीकडे द्राक्षाचे घड जिबरेलिनच्या द्रावणात बुडवतात, शेतकरी त्याला जीए म्हणतात. त्याने मणी लांब आणि मोठे होतात. जिबरेलिनचा रिसेप्टर 2005 मध्ये जपानी संशोधकांना भातात सापडला, आणि तोही केंद्रकातच काम करतो. पण त्याचं कूळ आपल्या 48 जणांहून सर्वस्वी वेगळं आहे. माणसात त्याचा जोडीदार नाही. आंब्याला पिकवणारं इथिलीनही झाडाचंच हार्मोन. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्ये ते 100 पीपीएमपर्यंत वापरायला परवानगी दिली. बंदी आहे ती कॅल्शियम कार्बाइडवर, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. तो विषाचा प्रश्न आहे, हार्मोनचा नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की मग हार्मोनसारखं वागणारं बाहेरचं रसायन निरुपद्रवी मानायचं का? मुळीच नाही. आणि हे आपल्याला रिसेप्टरच्या अभ्यासातूनच कळलं. डीईएस हे कृत्रिम इस्ट्रोजेन गर्भपात टाळण्यासाठी अमेरिकेत गरोदर स्त्रियांना वर्षानुवर्षं दिलं गेलं. 1971 मध्ये उघड झालं की त्यांच्या मुलींना तरुणपणीच योनिमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग होतो आहे. त्या औषधाची रचना नैसर्गिक इस्ट्रोजेनसारखी नसूनही ते त्याच रिसेप्टरला घट्ट चिकटत होतं. डीडीटीपासून शरीरात तयार होणारा डीडीई पुरुष हार्मोनच्या रिसेप्टरवर बसतो आणि त्याचं काम अडवतो, हे 1995 मध्ये सिद्ध झालं. शेतीतला डीडीटीचा वापर भारताने 1989 मध्ये थांबवला, पण डीडीई चरबीत वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून मंडईत विचारायचा प्रश्न "इंजेक्शन मारलंय का" हा नसून "फवारणी कशाची होती आणि तोडणीआधी किती दिवस" हा आहे. त्याचं उत्तर गाळ्यावरच्या मावशींकडे नसणार. ते शेतात आणि अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळांत शोधायला हवं, आणि त्या तपासण्या वाढाव्यात असा आग्रह नागरिकांनी महापालिकेकडे आणि सरकारकडे धरला पाहिजे.

याच ज्ञानाचा चांगला उपयोगही होतो. फ्लॉवर-कोबी पोखरणाऱ्या अळीला कात टाकायला एकडायसोन नावाचं हार्मोन लागतं. 1954 मध्ये बुटेनांट आणि कार्लसन यांनी 500 किलो रेशीमकोशांतून ते जेमतेम 25 मिलिग्रॅम मिळवलं होतं. त्याचा रिसेप्टर केंद्रकीय घराण्यातलाच, पण तो कीटकांकडे आहे, माणसाकडे नाही. टेब्युफेनोझाइड, मेथॉक्सिफेनोझाइड ही कीटकनाशकं नेमकी त्याच्यावर बसतात. अळी खाणं सोडते, अवेळी कात टाकू लागते आणि अर्धवट कातीत अडकून मरते. सगळ्या मज्जासंस्थांवर आघात करणाऱ्या जुन्या औषधांपेक्षा ही वाट मला अधिक शहाणपणाची वाटते.

बाकीच्या समजुती थोडक्यात. कोबीने थायरॉइड बिघडतो, हे अर्धसत्य आहे. कोबीतली काही द्रव्यं ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाहीत, पण रिसेप्टरला ती हात लावत नाहीत. भाजी शिजवल्यावर आणि मिठात आयोडीन असताना त्यांचा प्रभाव फार उरत नाही. सोयाबीनमधली द्रव्यं इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरला खरोखर चिकटतात, पण क्षीणपणे. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या शांघायमधल्या 5042 स्त्रियांच्या अभ्यासात, जास्त सोया खाणाऱ्यांत आजार उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं. तो अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. अ जीवनसत्त्वाचं उदाहरण उलट बाजूचं. गाजर-मेथीतल्या कॅरोटिनपासून शरीर गरजेपुरतंच अ जीवनसत्त्व बनवतं. पण मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइनची गोळी थेट याच मार्गात शिरते, आणि गरोदरपणी घेतली तर बाळात व्यंग निर्माण करते. भाजीला घाबरणाऱ्या घरात ही गोळी मात्र कधी कधी दुकानातून चिठ्ठीशिवाय येते.

या सगळ्या भीतीची खरी किंमत स्तनाच्या कर्करोगात मोजावी लागते, म्हणून हा विषय मला गप्पांचा वाटत नाही. गाठीच्या पॅथॉलॉजी रिपोर्टवर "ईआर" आणि "पीआर" अशा दोन ओळी असतात. पेशींत इस्ट्रोजेनचा आणि प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर आहे का, एवढंच त्या सांगतात. ईआर पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेन तोच रिसेप्टर अडवून धरतं. पाच वर्षं घेतलं तर पुढच्या पंधरा वर्षांतले या आजाराचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, हे अनेक देशांतल्या चाचण्या एकत्र तपासून 2011 मध्ये पुन्हा दिसून आलं. त्याचे त्रास आहेत. अंगातून वाफा निघतात, रक्ताच्या गुठळ्यांचा आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, कारण गर्भाशयात हेच औषध त्याच रिसेप्टरला उलट चालना देतं. हे डॉक्टरांशी बोलून तोलायचं असतं. पण "हार्मोनची गोळी आहे, नको" म्हणून ती मध्येच सोडणं म्हणजे हार्मोनला अडवणाऱ्यालाच हार्मोन समजून घराबाहेर काढणं. हार्मोन म्हणजे कर्करोग हे समीकरणही सरसकट टिकत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी सुमारे 1000 स्त्रियांच्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या 5 ते 14 दिवस आधी प्रोजेस्टेरॉन वर्गातल्या औषधाचं एकच इंजेक्शन देऊन पाहिलं. 2011 च्या निष्कर्षांत सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करता फरक ठळक नव्हता, पण काखेतल्या गाठींपर्यंत आजार पोचलेल्यांना फायदा दिसला. ज्यांच्या गाठीत ईआर, पीआर आणि हर-2 नावाचा आणखी एक रिसेप्टर असे तिन्ही नाहीत, त्यांना मात्र टॅमॉक्सिफेनचा उपयोग नाही. भारतात अशा रुग्णांचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे, आणि पुण्यातच आयसर आणि प्रशांती कॅन्सर केअर मिशन मिळून या प्रकारच्या कर्करोगावर काम करत आहेत.