शिशाचे काम आणि रक्तातील उपजत उणीव

कापडाच्या गठ्ठ्यांत आम्ही व्यापारी डांबरगोळ्या ठेवतो. त्याच गोळ्यांत ठेवलेले दुपटे एखाद्या तान्ह्या मुलाला गुंडाळले तर त्याचे रक्त फुटून कावीळ होते, दुसऱ्याला काहीच होत नाही. असे का? तांबड्या पेशींचे रक्षण करणारे जी-सिक्स-पीडी नावाचे विकर काहींच्या अंगात उपजत कमी असते. ही उणीव आईकडून मुलाकडे येते व पुरुषांत अधिक आढळते. एरवी माणूस धडधाकट दिसतो.

शिशाचे काम करणाऱ्या बंधूंनीही हे ध्यानात घ्यावे. आमच्या पनवेलसारख्या बाजारपेठांत बॅटऱ्या खोलणारे, डाख देणारे, कल्हई करणारे कारागीर आहेत. बॅटरीच्या पट्ट्या शिशाच्या असतात. जुन्या पद्धतीचा डाख कथील व शिशाचा असतो. कल्हईच्या कथिलातही शिशाची भेसळ होते. त्याचा धूर श्वासातून आणि भुकटी हातावरून पोटात जाते.

शिसे रक्त बनविणाऱ्या विकरांना अडविते व तांबड्या पेशींचे आयुष्य घटविते. ज्याच्या पेशी मुळातच नाजूक, त्याला ही दुहेरी मार बसते. थकवा, पोटात कळा, बद्धकोष्ठ ही लक्षणे दिसली की आपण अशक्तपणा समजून लोहाच्या गोळ्या घेतो आणि खरे कारण तसेच राहते.

उपचारातही जपावे लागते. शिसे काढण्यासाठी दिल्या जाणाऱ्या डायमरकॅप्रॉल या इंजेक्शनाने ही उणीव असलेल्याचे रक्त फुटू शकते. म्हणून डॉक्टरांना आपला धंदा आधी सांगावा. रक्तातील शिसे आणि जी-सिक्स-पीडी या दोन्ही तपासण्यांविषयी विचारावे.

सन २००० मध्ये देशभर पेट्रोलमधील शिसे बंद झाले. नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा आली. पण कारखान्यातली भुकटी कपड्यांवरून घरी येतेच. तेव्हा हातपाय धुऊन, कपडे बदलून मगच मुलाला उचलावे. कामाच्या जागी चहा-नाश्ता करू नये. सुरम्याचीही खात्री करावी. इस्मिद म्हणून विकला जाणारा खडा पुष्कळदा शिशाचा निघतो. तो मुलांच्या डोळ्यांत घालू नये.

आपली रोजी हलाल आहे. तिच्याबरोबर मुलाबाळांसाठी जहर घरात येऊ नये, एवढी खबरदारी घेणे आपल्या हाती आहे.