रेंज खिडकीपाशी असते

बारामती-इंदापूर पट्ट्यात उसाला पाणी देणाऱ्याच्या कानाला डोक्यावरची घरघर आता सवयीची झाली आहे. गोजुबावीजवळच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने उडतात. त्यातले सेसना 152 तर इतके आटोपशीर की आतले दोघे खांद्याला खांदा लावूनच बसतात. या विमानाच्या विद्युत यंत्रणेत बिघाड झाला तरी इंजिन थांबत नाही, कारण ठिणगीसाठी त्याला मॅग्नेटोची स्वतंत्र वीज मिळते. बंद पडतो तो रेडिओ. मग वैमानिकाच्या हाती उरतो स्वतःच्या बॅटरीवर चालणारा, वॉकीटॉकीसारखा हातातला सेट. जमिनीवर खणखणीत ऐकू येणारा हा सेट केबिनमध्ये मात्र खरखरू लागतो. असे का होते?

उत्तर घरच्या घरी तपासता येते. बारामतीच्या वसुंधरा वाहिनीवर, म्हणजे 90.4 मेगाहर्ट्झवर, छोटा एफएम रेडिओ लावा. तो धान्याच्या पत्र्याच्या कोठीत ठेवून झाकण घट्ट लावा. आवाज दबेल, ते झाकणामुळे. पण त्यात खरखरही मिसळेल, ती मात्र पत्र्यामुळे. धातूचा पत्रा रेडिओलहरी अडवतो. सेसना 152 चे अंगही ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे. लहरींना आत-बाहेर करायला वाट उरते ती फक्त काचांची.

ही वाटही अरुंदच. वैमानिकांचे बोलणे साधारण 118 ते 137 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे एफएमच्या शेजारच्याच घरात चालते. तिथल्या लहरीची लांबी सुमारे अडीच मीटर असते. खिडकी त्याहून बरीच लहान असल्याने लहर तिच्यातून येते ती अशक्त होऊन, आणि आतल्या पत्र्यावर आपटून इकडेतिकडे विखुरते. म्हणूनच केबिनमध्ये सेट वीतभर हलवला तरी आवाज सुधारतो किंवा पार बुडतो.

रबराच्या शेपटीची मर्यादा

सेटसोबत मिळणारी आखूड रबरी अँटेना ही मुळात एक तडजोड असते. 122 मेगाहर्ट्झच्या लहरीचा चौथा हिस्सा 61 सेंटिमीटर भरतो. तेवढी काडी खिशात मावत नाही, म्हणून तार गुंडाळून रबरात बसवतात. सोय होते, पण लहर पकडण्याची ताकद घटते.

त्यावरचा साधा उपाय म्हणजे द्विध्रुव अँटेना. सुमारे 58 सेंटिमीटरच्या दोन तारा घ्यायच्या, एक वर आणि एक खाली, मधोमध सेटकडे जाणारी केबल. छोट्या विमानात एवढी उंची मिळत नाही. अशा वेळी वरची तार काचेवर शक्य तितकी उभी ठेवून खालची वळवतात. तार उभी हवी, कारण विमानांच्या आणि विमानतळांच्या या पट्ट्यातल्या अँटेनाही उभ्याच असतात. मांडीवर आडवा ठेवलेला सेट इथेच मार खातो. तार खिडकीच्या धातूच्या चौकटीला चिकटवली, तरी निम्मे काम वाया जाते.

दुसरा शत्रू इंजिनातच बसलेला असतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 2,400 फेरे घेत असेल, तर त्यात सेकंदाला 80 वेळा इंधन पेटते, आणि प्रत्येक वेळी पेटवणारी ठिणगी हा एक छोटा प्रक्षेपकच असतो. विमानांचा रेडिओ एफएमवर नव्हे, एएमवर चालतो. त्याचा एक फायदा असा की दोघे एकदम बोलले तर शिट्टीसारखा आवाज येतो आणि गोंधळ लगेच कळतो. तोटा असा की ठिणग्यांची करकरही थेट कानात उतरते. म्हणून अँटेना इंजिनापासून शक्य तितकी लांब, बाजूच्या किंवा मागच्या काचेवर लावलेली बरी. सेट होकायंत्राजवळ ठेवू नये, त्याच्या स्पीकरमधले चुंबक काट्याला फसवते. केबल पायाशी किंवा दांड्याशी लोंबकळता कामा नये. प्रशिक्षण विमानात कोणतीही गोष्ट कायमची बसवायची, तर आधी रीतसर मान्यता घ्यावी लागते.

उंची हीच ताकद

जास्त वॉटचा सेट घ्यावा, असे कोणालाही वाटेल. पण मोकळ्या आकाशात अंतर दुप्पट करायचे तर शक्ती चौपट लागते, आणि क्षितिजापलीकडे ती शक्तीही फारशी कामाला येत नाही. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. विमानतळावरची अँटेना दहा मीटर उंचीवर आणि विमान जमिनीपासून 300 मीटर वर असेल, तर सपाट मुलखात संपर्क सुमारे 84 किलोमीटरपर्यंत शक्य असतो. तेच विमान शेतात उतरले, अँटेना जमिनीपासून जेमतेम दोन मीटरवर आली, की हा पल्ला 19 किलोमीटरवर येतो.

25 जुलै 2022 रोजी एका शिकाऊ वैमानिकाच्या सेसना 152 ची इंजिनशक्ती गेली आणि ते इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शिवारात उतरवावे लागले. बारामतीची धावपट्टी तिथून सुमारे 28 किलोमीटरवर होती. वैमानिकाला किरकोळ दुखापत झाली. तिथे जमिनीवरून हातातल्या सेटने हाक मारली, तर ती हिशोबाने बारामतीपर्यंत पोचत नाही. वरून जाणाऱ्या एखाद्या विमानाने 121.5 या आणीबाणीच्या वारंवारितेवर ती ऐकली, तरच उपयोग.

म्हणून शिकाऊ वैमानिकाने उड्डाणाआधी, इंजिन सुरू असताना, आपल्या आसनावर बसूनच हातातला सेट तपासावा आणि सर्वांत चांगले ऐकू येणारी खिडकी ध्यानात ठेवावी. अडचण आलीच, तर सांगायचे ते उंचीवर असतानाच सांगून टाकावे.