टीवायला आल्यावर साईड बदलायची म्हणता? आधी हा हिशेब मांडा

पोरगं बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आलंय आणि घरी येऊन म्हणतंय, "मला हे केमिस्ट्री जमत नाही, आर्ट्सला जातो." बाप म्हणतो, "दोन वर्षांची फी पाण्यात घालतो का?" निकाल लागले की आपल्या भागात अशी भांडणं बऱ्याच घरांत होतात. राग बाजूला ठेवून आधी कागद-पेन घ्या.

साईड बदलणं म्हणजे बहुतेक वेळा पुन्हा एफवायपासून सुरुवात. टीवायच्या तोंडावर बीएस्सी सोडून बीएला गेलात तर पुढची तीन वर्षं जातील आणि हातात एक बीए येईल. त्याऐवजी हे एक वर्ष काढलं आणि नंतर दोन वर्षांचं एमए केलं, तरी तीनच वर्षं लागतात, पण हातात बीएस्सी आणि एमए अशा दोन पदव्या येतात. इतिहास, मराठी, राज्यशास्त्र अशा विषयांना अनेक विद्यापीठांत दुसऱ्या शाखेच्या पदवीधराला एमएला घेतात. नियम विषयाप्रमाणे बदलतो, तेवढं विचारून घ्यायचं.

आता नव्या शैक्षणिक धोरणाचं. क्रेडिट जमा राहतात म्हणजे दुसरीकडे गेलं तरी वर्ष वाया जात नाही, असा बऱ्याच पोरांचा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. तुमचे क्रेडिट डिजिलॉकरमधल्या एबीसी खात्यात जमा होतात आणि साधारण सात वर्षं धरले जातात. पण केमिस्ट्रीचे क्रेडिट इतिहासाच्या मुख्य विषयाला चालत नाहीत. भाषा, पर्यावरण असे सगळ्यांना सारखे असलेले पेपर तेवढे नवीन कॉलेजने मानले तर सुटतात. मध्येच थांबायचं असेल तर पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट आणि दुसऱ्या वर्षानंतर डिप्लोमा मिळण्याची सोय आहे, मात्र त्यासाठी ठरलेले क्रेडिट पूर्ण लागतात. एटीकेटी अडकलेली असेल तर तोही कागद हातात येत नाही.

मग बदलायचं कशासाठी, हे पोराला शांतपणे विचारा. दहातली सहा-सात पोरं सांगतात, एमपीएससी करायचीय म्हणून आर्ट्स पाहिजे. याला काही अर्थ नाही. राज्यसेवा, पीएसआय, एसटीआय, तलाठी, बँकेतला क्लार्क, यूपीएससी, या सगळ्यांना कुठल्याही शाखेची पदवी चालते. तीन वर्षांचं एलएलबी आणि एमबीएही कुठल्याही पदवीवर होतं, फक्त टक्क्यांची अट असते आणि सीईटी द्यावी लागते. बारावीला गणित असलेल्या बीएस्सीवाल्याला टक्क्यांची अट पाळून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं. या सगळ्यांसाठी हातातली पदवी पूर्ण करणं हाच जवळचा रस्ता आहे.

काही कामांना मात्र तीच पदवी लागते. फार्मसी, नर्सिंग, कृषी यांना दुसरी पदवी चालत नाही. कृषीला जायचं तर बारावी सायन्स आणि सीईटी लागते आणि पहिल्या वर्षापासून चार वर्षं शिकावं लागतं. शाळेत शिकवायचं असेल तर तो विषय पदवीला असावा लागतो. गणित शिकवायचंय आणि पदवीला गणितच नाही, तर नुसत्या बीएडने भागत नाही. अशा ठिकाणी उशिरा बदललं तरी चालेल, पण सीईटी आणि प्रवेश मिळेल का, हे आधी बघा. तोडीला आलेला ऊस कुणी नांगरत नाही, पण हुमणीने मुळं खाल्ली असतील तर गोष्ट वेगळी. सहा-सात विषय मागे राहिलेत आणि दोन वर्षं तेच चाललंय, तर ओढूनताणून टीवायला बसवण्यात शहाणपण नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते आणि ती सहसा कुणी बोलत नाही. मुलाने तीन वर्षं जास्त घेतली तर घरचे कुरकुर करतात, पण पोरगा शिकतो. मुलीने साईड बदलली की "आता किती शिकवायचं" म्हणत स्थळं बघायला लागतात आणि बारावीवरच थांबण्याची वेळ येते. म्हणून पोरीने बदलायचं ठरवलं असेल तर आधी पदवी पदरात पाडून घ्यावी, असं मी म्हणेन. आणि बदल फार्मसी, नर्सिंगसारख्या व्यावसायिक कोर्सकडे असेल तर २०२४-२५ पासून राज्य सरकारने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे आणि प्रवेश सरकारी प्रवेश फेरीतून झालेला पाहिजे. हे बापाला आधी सांगा.

शिष्यवृत्तीचं नीट बघा. एससीसाठीच्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत बीए झाल्यावर परत बीकॉम केलं, म्हणजे त्याच पातळीची दुसरी पदवी घेतली, तर पैसे मिळत नाहीत. मध्येच सोडून गेल्यावर तुमच्या योजनेत काय होतं, ते महाडीबीटीचं काम बघणाऱ्या क्लार्कला अर्ज भरायच्या आधी विचारा. फीचंही तसंच आहे. प्रवेशाची शेवटची तारीख उलटून ३० दिवस झाले की यूजीसीच्या नियमाप्रमाणे भरलेली फी परत मिळत नाही.

दोन्ही हवं असेल तर तीही सोय आहे. २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे. एक कॉलेजात जाऊन आणि दुसरी दूरशिक्षणातून, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठासारख्या ठिकाणाहून करता येते. फक्त परीक्षेच्या तारखा एकमेकींवर येत नाहीत ना, ते बघून घ्यायचं.

ठरलंच असेल तर कॉलेजातून दाखला काढण्याची घाई करू नका. नवीन कॉलेजात जागा पक्की झाली, यादीत नाव आलं, मगच टीसी काढा. एकदा टीसी हातात आली की जुन्या वर्गात परत घ्यायला कॉलेज बांधील राहत नाही. दोन्हीकडून लटकायला होतं. जाण्याआधी सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, एबीसी खात्यात जमा झालेल्या क्रेडिटची प्रिंट आणि बाकी राहिलेल्या विषयांची यादी परीक्षा विभागातून सहीशिक्क्यासह घ्या. नवीन ठिकाणी पहिल्यांदा हेच मागतात.