नाशिकच्या वायनऱ्या पाहाव्यात कशा?

गेल्या थंडीत ओळखीच्या एका गृहस्थांनी मला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला. म्हणाले, "त्र्यंबकेश्वरला आईला घेऊन चाललो आहे. वाटेत एखादी वायनरी पाहावी असे मनात आहे. पण आई बरोबर असताना तिथे जाणे बरे दिसेल का?" प्रश्न त्यांचा एकट्याचा नव्हता. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात तो असतो, पण विचारायचा कोणी नाही. मी त्यांना म्हटले, अवश्य जा. साखर कारखाना पाहायला जाणारा माणूस साखर खायला म्हणून जात नाही, तसेच हेही. मात्र केव्हा जाता आणि काय पाहता, याला महत्त्व आहे.

केव्हा, ते आधी सांगतो. जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत. पावसाळ्यात डोंगर हिरवे दिसतात, गर्दीही पुष्कळ होते. परंतु तेव्हा वेलीवर द्राक्ष नसते आणि कारखान्यात काम नसते. नाशिककडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमधली ती खरड छाटणी. तिच्यामुळे पुढच्या पिकासाठी काडी तयार होते. ऑक्टोबरच्या सुमारास होते ती गोडी छाटणी; तिच्यानंतर घड धरतो. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस काढणी होते. आपल्याकडे नेमके उलट: पावसाचे दिवस टाळून, थंडीत मणी भरतो. दिवसा ऊन आणि रात्री कडक गारवा, यामुळे साखर वाढते आणि आंबटपणाही थोडा टिकून राहतो. वाइनला दोन्ही हवे असते.

आता जायचे कोठे? पहिल्यांदा जाणाऱ्याने गंगापूर धरणाच्या बाजूला जावे. तेथे सुला आहे. राजीव सामंत यांनी अमेरिकेतून परत येऊन येथे वेली लावल्या आणि 2000 साली त्यांची वाइन बाजारात आली. 'सुला' हे नाव त्यांच्या मातोश्रींच्या सुलभा या नावावरून पडले. 2005 साली येथे चाखणीची खोली उघडली; वायनरीत पाहुण्याने जाण्याची रीत आपल्याकडे रुजली ती इथून. रविवारी मात्र येथे जत्रा असते. शांतपणे काही समजून घ्यायचे असेल तर मधल्या वारी सकाळीच जावे. जवळच यॉर्क आहे. मालकांच्या तीन मुलांच्या नावांची आद्याक्षरे जुळवून केलेले हे नाव. इंग्लंडशी त्याचा संबंध नाही! 2021 साली सुलाने ती विकत घेतली. जागा आटोपशीर आहे, म्हणून सांगणारा माणूस तुमच्या प्रश्नासाठी थांबतो, हे मला विशेष आवडते.

इगतपुरीकडून येणाऱ्यांना सांजेगावची ग्रोव्हर झांपा आणि कावनईजवळची व्हॅलोने सोयीची. व्हॅलोनेच्या समोर मुकणे धरणाचे पाणी पसरलेले आहे. तेवढ्यासाठीसुद्धा वाट वाकडी करावी. दिंडोरीकडे शांदों आहे. तेथे फेसाळणारी वाइन होते. तिचे दुसरे आंबवणे बाटलीतच होते. म्हणून वायू बाहेर जात नाही, वाइनमध्येच विरघळून राहतो. मग बाटल्या हळूहळू फिरवीत उलट्या करतात, गाळ मानेशी आणतात आणि झाकण उघडून तो उडवून देतात. हे काम मोठ्या चिकाटीचे.

आत गेल्यावर काय पाहावे? चाखणीच्या टेबलाकडे धावू नका. आधी टाक्यांकडे जा. द्राक्षाच्या रसातील साखर यीस्ट खाते, तिचा मद्यार्क होतो आणि वायू सुटतो. या क्रियेत उष्णता निर्माण होते, म्हणून पोलादी टाक्या गार ठेवतात. पांढऱ्या वाइनच्या अधिक गार. काळ्या द्राक्षाचा एक मणी हातात चिरडून पाहा. रस बहुधा पांढराच निघेल! रंग असतो सालीत. साल रसाबरोबर आंबवली की वाइन लाल, आधीच गाळून काढली की पांढरी. चाखताना घोट गिळलाच पाहिजे असे नाही. त्यासाठी पिकदाणी ठेवलेली असते. वयाला 21 वर्षे पूर्ण असावीत, आणि ज्याने गाडी हाकायची त्याने पेल्याला हात लावू नये.

एक गोष्ट मात्र मार्गदर्शक सहसा सांगत नाही. ती मी सांगतो. 2001 साली राज्य सरकारने द्राक्ष-प्रक्रियेचे धोरण आखले, करात सवलती दिल्या, विंचूरला वाइन पार्क काढले. पुष्कळ शेतकऱ्यांनी वाइनची द्राक्षे लावली. माझे निफाडकडचे मेहुणे त्यांपैकी एक. त्यांनी दोन एकर शिराज लावली. करार बराचसा तोंडीच. मग 2008 चे मुंबईवरचे हल्ले आणि जगभरची मंदी आली, हॉटेले ओस पडली, वाइन टाक्यांत पडून राहिली. 2009 च्या हंगामात त्यांचा माल कंपनीने उचललाच नाही. थॉमसनचा घड असता, तर व्यापारी फिरला तरी बेदाणा करता आला असता. वाइनचे द्राक्ष बारीक, जाड सालीचे, बियांचे. ते बाजारात कोणी विचारीत नाही, त्याचा बेदाणाही कोणी घेत नाही. मेहुण्यांनी चार वर्षांची बाग मुळापासून काढली. आज त्या जागी पुन्हा थॉमसन आहे. म्हणून वायनरीत गेलात, की एवढे अवश्य विचारा: द्राक्षे तुमच्या स्वतःच्या बागेतली की शेतकऱ्यांकडची? आणि करार किती वर्षांचा, लेखी की तोंडी? सांगणारा माणूस जाणकार असेल तर त्याला या प्रश्नाचा आनंदच होईल.

ते गृहस्थ फेब्रुवारीत जाऊन आले. आईंनी पेल्याला हात लावला नाही. बागेतला शेनिन ब्लांकचा एक मणी तेवढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "गोड आहे हो, पण बिया फार!"